बिनब्रेकच्या गाडीची ब्रेक टेस्ट

"ब्रेक कुठे आहे?" सेफ्टी ऑफिसर डाबरे गाडीभोवती चक्कर मारत म्हणाले.

"या गाडीला ब्रेक नसतोच, साहेब."

"नसतो म्हणजे? हरवला?"

डाबरे वसईचे, मी कोल्हापूरचा. त्यामुळे बहरीनमध्ये भांडण निदान मराठीत तरी चाललं होतं.

मी स्पीडवेचा रायडर. मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर चौघांनी मोटरसायकली पळवायच्या, फक्त डावीकडे वळत. गिअर एकच, ब्रेक नाही. वळणावर पुढच्याने ब्रेक दाबला तर मागचा थेट त्याच्या पाठीवर चढेल, म्हणून. थांबायचं तर थ्रॉटल सोडून गाडी आडवी घालायची. मागचं चाक मातीत घसरतं आणि वेग मरतो.

माझ्या डाव्या पायात रॉड बसल्यापासून रेसिंग बंद होतं. हमद टाउनच्या पलीकडे नवीन ट्रेनिंग स्कूल निघालं होतं, तिथे कोचची जागा होती. मालक म्हणाला, डेमो दाखव, सेफ्टीचा पास आण, व्हिसा करतो. नाहीतर गावी जाऊन मेव्हण्याच्या शोरूममध्ये स्कूटर विकायच्या. त्यापेक्षा दुसऱ्या पायातही रॉड परवडला!

"साइटवर बिनब्रेकची गाडी चालणार नाही. उद्या ब्रेक लावून आणा," डाबरे म्हणाले. "खलास."

मी तणतणत मआमीर भागातल्या गॅरेजवर आलो. मेकॅनिक संतोष राजापूरचा, भयंकर शांत माणूस.

"मेलो तरी ब्रेक लावणार नाही," मी म्हणालो.

"नको लावू. तू जेव आधी."

सकाळी ट्रॅकवर गाडी उतरवून बघतो तर हँडलला कुठल्यातरी डिलिव्हरी बाइकची ब्रेकची दांडी! आत स्प्रिंग, दाबली की झोकात परत येते. वायर मात्र नाही. वर तिला लिंबू-मिरची बांधलेली.

"अरे बाबा, हे काय?"

"साहेबाक बघूक काहीतरी व्हया ना?" संतोष म्हणाला.

काढायला पाना शोधतोय, तेवढ्यात डाबरे हजर. त्यांनी दांडी दाबली, सोडली, परत दाबली.

"आता कसं! चालवून दाखवा. मी या थांबायच्या रेषेवर उभा राहतो."

"साहेब, ही दांडी..."

"बोलू नका. यल्ला, निघा!"

कोचची नोकरी त्या रेषेवर उभी होती, तीही पांढरा शर्ट घालून. मी गाडी सोडली. रेषा जवळ आली तशी थ्रॉटल सोडला, डाव्या बुटाखालचा लोखंडी तळ मातीत टेकवला आणि गाडी आडवी घातली. धुळीचा हा लोट! गाडी थांबली, पण डाबरे दिसेनात.

आधी खोकला ऐकू आला, मग मातकट शर्ट दिसला. बूट रेषेवरच होते. माणूस हलला नव्हता, मानलं बुवा!

मला राहवलं नाही. "साहेब, त्या दांडीला वायरच नाही."

"कळलं मला. गाडी थांबेपर्यंत तुमचा हात तिला लागलासुद्धा नाही." त्यांनी चष्मा पुसला. "नियमात ब्रेकची दांडी हवी आणि गाडी रेषेवर थांबायला हवी. दोन्ही झालं. बाकीच्या गाड्यांनाही बसवून घ्या. आणि लिंबू-मिरची राहू दे, तिचा काही नियम नाही."

पास मिळाला, व्हिसाही झाला. आता नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच शिकवतो: दांडी साहेबांसाठी आहे, तुम्ही गाडी आडवी घालायला शिका.