फणफणेंची लिफ्ट

धुलाई कारखान्यातल्या बॉयलरवाल्याचं डोकं बॉयलरच्या आधी तापतं, असं सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रोज आठला टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. तिच्यात फणफणे नावाचा तापट म्हातारा होता. इमारतीची लिफ्ट बंद, म्हणून तो दर भागात जिन्यातून बोंब ठोकायचा. कारखान्यानं ते नाव उचललं आणि बॉयलरवाल्याला चिकटवलं. गडी खूश! "अख्ख्या मालिकेत तोंडावर खरं बोलणारा तेवढाच एक," असं बायकोला ऐकवायचा.

त्याचा राग काही फुकाचा नव्हता. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरपुढे एक आडवी पट्टी असते. हात तिला लागला की यंत्र थांबतं, बोटं वाचतात. ती पट्टी चार महिने मोडलेली, सुतळीनं बांधून ठेवलेली. आणि तिथं चादरी सारायला उभी राहायची त्याची सख्खी भाची. कामाला त्यानंच लावलेली.

रोज सकाळी ती सुतळी दिसली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "माणसं आहात की धोंडे? पोरीचा हात गेल्यावर जागे होणार का?" लोक हातातली कामं टाकून ऐकायला जमत. मॅनेजर म्हणायचा, "वा फणफणे, आज जोर आहे!" हशा पिकायचा, मग जो तो आपल्या कामाला. सुतळी तिथंच.

त्या मंगळवारी चादरीबरोबर भाचीची बाही आत ओढली गेली. बाही फाटली म्हणून हात वाचला. बॉयलरवाला पिसाळल्यासारखा ओरडला, तर मॅनेजरनं मोबाइल काढला. "काका, पुन्हा एकदा म्हणा ना, सुरुवात हुकली."

"मामा, पुरे," भाची म्हणाली. फाटकी बाही तिनं मुठीत धरली होती.

आठ वाजता टीव्हीवर फणफणे जिन्यात कडाडला. बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हा हसला नाही.

"काय गं, सहा वर्षं झाली, ही लिफ्ट कुणी दुरुस्त कशी करत नाही?"

"अहो, दुरुस्त झाली तर तो ओरडेल कशावर? मग आपण हसायचं कशाला?"

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे चार महिने आपण भांडत नव्हतो, फुकटात करमणूक करत होतो! त्या हसणाऱ्यांचा राग होताच, पण आता स्वतःची चीड आली. बोंबलून मोकळं व्हायचं आणि लगेच जाऊन त्याच रोलरला वाफ सोडायची, हा आपला पराक्रम! पोरीचा हात भाजला असता तो आपल्याच वाफेनं. त्यानं ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटलाच नाही. रोलर गारढोण, ओल्या चादरींचे ढीग छातीपर्यंत. मॅनेजर धावत आला. "काका, वाफ कुठाय?"

"नवी पट्टी बसवा, मग सोडतो," तो हळूच म्हणाला.

मॅनेजर सवयीनं हसला. साथ कुणी दिली नाही. बॉयलरवाला स्टुलावर बसून त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"अहो, ओरडा तरी काहीतरी!" मॅनेजरचा आवाज चिरकला.

भाची रोलरपाशी गेली. तिनं सुतळीची गाठ सोडली आणि मोडकी पट्टी आणून मॅनेजरच्या हातात ठेवली.