जीपमध्ये दिलेली तापाची गोळी

ये गं, कागदावर का होईना, पण जवळ सरक. तुला जरा रागं भरायचंय. दिवसभर हापिसात बसतीस अन् पाणी पीत न्हाईस, का तर सारखं उठावं लागतं. ही खोड तुझ्या आईचीच. मी तिची थोरली जाऊ, माझ्यादेखत घडलेलं सांगते.

तवा तू अंगणवाडीत जायचीस. आपल्या पासली गावात भाताची लावणी सावडीनं चालायची. आज सगळ्या बायका शेजारणीच्या खाचरात, उद्या आपल्या. काय दिवस होते ते. चिखलात वाकून हात चालायचे, तोंडं त्याहून जास्त. सासवांच्या नकला करून हसून बेजार व्हायचो. पण गडीमाणसं आजूबाजूला, आडोसा कुठं न्हाई. म्हणून सकाळच्या चहावर जायचो, ते सांजेपर्यंत पाण्याला शिवायचो न्हाई.

त्या साली तुझ्या आईला थंडी वाजून ताप भरला. "चिखलाचा गारठा बाधलाय," म्या म्हणलं. चार दिवस ती तशीच लावत राहिली, मधूनच कमरेला हात लावायची. पाचव्या दिवशी उलट्या लागल्या, तवा तिला जीपनं भोरला नेली. दुसऱ्या दिवशी सावड आपल्या खाचरात होती. ती चुकू नये म्हणून वाटेत तिला तापाची गोळी दिली. ताप उतरलेला दिसला की लगेच सोडतील, असं मला वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण पोरसवदा होती. "ताप फारसा नाही. कधीपासून आहे?"

"कालपासून," म्या म्हणलं.

तिनं तुझ्या आईच्या पाठीवर, बरगडीखाली, हलकीच मूठ आपटली. आई कळवळली.

"इथं मूत्रपिंड असतं. लघवीतले जंतू तिथवर गेलेत, पाणी कमी प्यायलं की असं होतं. गोळ्या देऊन घरी पाठवायचं की भरती करायचं, ते मला ठरवायचंय. मावशी, हिनं काही औषध घेतलंय का?"

तेवढ्यात तुझ्या आईनं माझा हात धरला. "आये, रोपं वाळत्यात, चल की." मला ती कधी आये म्हणली न्हवती.

"गोळी म्या दिली," म्या सांगितलं. "ताप पाच दिसांचा हाय. अन् ही अशी बडबडत न्हाई कधी."

डॉक्टरणीनं नाडी धरली, रक्तदाब मोजला. "दाब खाली गेलाय, भान सुटतंय, पोटात काही टिकत नाही. हिला सोडणार नाही मी. गोळीनं ताप तेवढा झाकला, मावशी, आजार तसाच होता." लगेच सलाईन लावली, सुई दिली.

तिसऱ्या दिवशी आई नीट बोलली. "बाई, लावणी?"

"झाली." खरंच झाली होती. बायकांनी आमच्या दोघींच्या वाट्याचंबी लावून टाकलं होतं. मी उगाच भ्याले होते.

आता सावड मोडली, त्यातल्या कितीतरी जणी ऱ्हायल्या न्हाईत. तुझी आई हाय, अन् मला अजून टोमणे मारती, "गोळीवाल्या बाई, चहा ठेवा." पण दुखलं खुपलं तुला फोनवर सांगायची न्हाई ती. तिचं खरं कळायला समोर बसावं लागतं. येत्या रविवारीच ये. नसरापूरला उतर, तिथनं जीप मिळंल.