दुखण्याचे कप्पे

सबंध ओमानमध्ये दुखण्याला शिस्त लावायला निघालेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका मस्कतच्या हमरिया भागात आमच्या डोक्यावर राहतो. वरच्या मजल्यावरचे भाऊ रुसैलला औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. तिथलं नशा आणणाऱ्या औषधांचं दुहेरी कुलपाचं कपाट कित्येक वर्षं त्यांच्याच ताब्यात आहे. नार्कोटिक वेगळं, सायकोट्रॉपिक वेगळं, नुसतं चिठ्ठीवर मिळणारं वेगळं, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की माणसांची दुखणीसुद्धा ते तशीच कप्प्यांत लावतात.

त्यांच्यापुढे नुसतं 'दुखतंय' म्हणून सुटका नाही. गॅसचा सिलिंडर उचलताना माझ्या कमरेत उसण भरली, तर भाऊ खुर्ची ओढून समोर बसले. "ठणकतंय की सणक मारतेय? स्नायूंचं, नसेचं, की आतल्या अवयवाचं? बोटानं दाखवता येतं की तळहात लागतो?" मी आधी बोट ठेवलं, मग तळहात, आणि मग नक्की कुठे दुखतंय हेच मला कळेना. "उघड्या फळीवरचं आहे. पॅरासिटामॉल, खलास," असा निकाल देऊन ते चहा पिऊन गेले. इथे काही औषधं आणायला बंदी आहे, म्हणून भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला औषधांचे फोटो आधी त्यांना पाठवावे लागतात. आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांवर त्यांनी फोनवरून असं काही व्याख्यान दिलं, की सासूबाईंनी घाबरून विमानतळावर हिंगाष्टक चूर्णसुद्धा कचऱ्यात टाकलं, आणि इथे येऊन दोन दिवस पोट धरून बसल्या. हा गृहस्थ शहाणा की वेडा, माझं अजून ठरत नाही.

मध्यंतरी वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या पत्नीचा, उजवा खांदा दुखायला लागला. भाऊंनी लगेच कप्पा ठरवला: स्नायूंचं. कारण, बरक्याच्या मासळीबाजारातून आणलेली जड पिशवी. पंधरा दिवस त्यांनी स्वतः बाम चोळला. मग एका शुक्रवारी जेवणानंतर वहिनी पोट धरून वाकल्या त्या सरळ होईनात. मीच गाडी काढली. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, सूज आली आहे, ऑपरेशन करावं लागेल. खांद्याचं दुखणंही तिथलंच.

"आतलं दुखणं भलतीकडे जाणवतं, हे मीच सगळ्यांना सांगतो ना रे?" भाऊ गोंधळून मला म्हणाले. मी मान हलवली. मग ते वहिनींकडे वळले. "अगं, पोटातही दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत, कसं दुखतं," वहिनी दात आवळून म्हणाल्या. "मला नसतं सांगता आलं."

दोन नर्स इंजेक्शन घेऊन आल्या. कुलपातलंच औषध होतं. दोघींनी नाव, मात्रा ताडून पाहिली, सह्या केल्या. सवयीनं भाऊ पुढे झाले, "सिस्टर, ये कौनसे...", आणि मध्येच थांबले. "दे दो, सिस्टर. जल्दी दे दो."

पुढे ऑपरेशन नीट झालं, वहिनी आता हिंडत्याफिरत्या आहेत. मला मात्र ती दुपारच आठवते. इंजेक्शननंतर वहिनींचा डोळा लागला होता, आणि भाऊ त्यांची पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. इतका हरवलेला माणूस मी पाहिला नव्हता; त्यांच्याबद्दल फार माया वाटली. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "आता दुखत नसेल ना रे तिला?"

"नसेल, भाऊ," मी म्हणालो. मला तरी कुठे ठाऊक होतं.