वरची ओळ नानांची

तिला सगळे टेपताई म्हणायचे. पर्समध्ये पैसे नसले तरी चालतील, पण मापाची टेप हवीच. कुणाच्या घरी चहाला गेली तरी बोलता बोलता तिची नजर त्यांच्या ओट्यावर जायची आणि मग न राहवून ती विचारायची, "हा ड्रॉवर पूर्ण उघडत नाही ना? फ्रिजला अडतो." अडत असायचाच. वडील सुतार होते, त्यामुळे लाकडाचा वास आणि मापाचा नाद दोन्ही अंगात मुरलेले. पुढे ड्रॉइंगचा कोर्स केला, लग्न झालं आणि एका फर्निचरच्या कारखान्यासाठी ती घरबसल्या कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढून द्यायला लागली. कारखान्याचा मालक माणूस बरा होता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कालच हवी असायची.

घरात तिघं. ती, बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा, आणि सासरे नाना. नानांनी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली. सुईच्या टोकाएवढी अक्षरं हाताने लिहिणारा माणूस. त्यांचा दुसरा नाद शब्दकोड्यांचा. गावातल्या साप्ताहिकात शेवटून दुसऱ्या पानावर त्यांचं कोडं यायचं आणि लोक साप्ताहिक मागूनच उघडायचे. बक्षीस वगैरे काही नसे. पण भाजी घेताना कुणी "नाना, तेरा उभा काय हो?" असं विचारलं की नानांची छाती दोन इंच फुगायची आणि ते म्हणायचे, "डोकं खाजवा, मिळेल."

मग काचबिंदूने डोळे धरले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. एका कोड्यात चौकटी चुकीच्या जुळल्या. संपादकांनी काही न बोलता दुरुस्त करून छापलं, पण नानांना ते कळलं आणि त्यांनी आपणहून काम थांबवलं. "आता पुरे," एवढंच म्हणाले. त्यानंतर गॅलरीतल्या खुर्चीत रेडिओ लावून बसायचे. रेडिओवर काय चाललंय असं विचारलं तर बहुतेक वेळा त्यांना सांगता यायचं नाही.

टेपताईला ते बघवेना. तिने कुठूनतरी माहिती काढून आपल्या कॉम्प्युटरवर एक बोलणारा प्रोग्रॅम टाकला. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवायचा. नाना दुपारी त्यावर बातम्या ऐकायला लागले. हेतू चांगला, पण संसार जमेना. कॉम्प्युटर मुळात म्हातारा. ड्रॉइंगचा अवजड प्रोग्रॅम आणि हा बोलका पोपट एकत्र आले की त्याला धाप लागायची. ती कपाटाची रेघ ओढायला जायची आणि पोपट मध्येच ओरडायचा, "लाइन! लाइन!"

आणि एका दुपारी व्हायचं तेच झालं. ती ड्रॉइंग उघडं ठेवून वाण्याकडे गेली होती. नाना बातम्यांसाठी बसले. पोपट गप्प होता, म्हणून त्याला जागं करायला त्यांनी ही कळ दाबली, ती दाबली. काहीतरी विचारल्याचा आवाज आला, त्यांनी एंटर दाबलं. ती परत आली तेव्हा पडद्यावर कोरा कागद होता. आख्खं स्वयंपाकघर गायब, आणि वर ते तसंच सेव्ह झालेलं. बॅकअप उघडला तर तो पार जुना, त्यात फक्त भिंती.

"नाना, दिसत नाही तर हात कशाला लावता?"

तोंडातून निघून गेलं. बाण सुटावा तसं. तिला स्वतःलाच ते वाक्य कुणा परक्या बाईचं वाटलं.

नाना उठले. खुर्ची नीट आत सारली. "चुकलं माझं," म्हणाले आणि भिंतीला हात लावत गॅलरीत गेले.

तिने ते स्वयंपाकघर पुन्हा काढलं. मालकाची बोलणी खाल्ली. ते सगळं निभावलं. निभावलं नाही ते एवढंच, की नानांनी त्यानंतर कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "नाना, बातम्या लावून देऊ?" तर म्हणायचे, "रेडिओ आहे की." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. माफी मागावी म्हणून ती दोनदा गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा वाळत घातलेले कपडे काढून परत आली.

दुसरा कॉम्प्युटर घेणं तेव्हा परवडणारं नव्हतं. पण कारखान्यात हिशेब बघणाऱ्या मुलीकडून तिला कळलं, की एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम राहू शकतात. एक तिची विंडोज, आहे तशी. आणि शेजारी लिनक्स, फुकट मिळणारी, हलकी, सुरू होताच स्वतःहून बोलायला लागेल अशी बसवता येणारी. कॉम्प्युटर चालू करताना विचारतो, आज कुणाकडे जायचं? एकाच्या घरात असताना दुसऱ्याच्या घरात चुकूनही पाय पडणार नाही, अशी कुलपं लावायची सोय.

रविवारी सकाळी तिने पदर खोचला. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला.

"म्हणजे एका गाडीला दोन इंजिनं?"

"इंजिन एकच. ड्रायव्हर दोन. एका वेळी एकच बसणार."

"आणि दोघं भांडले तर?"

"तुमच्या डेपोत भांडतात, माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "तो कप तिकडे ठेवा, सांडलात तर एकही ड्रायव्हर उरायचा नाही."

तिने आधी सगळी ड्रॉइंग वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. एकदा ठेच लागल्यावर ती शहाणी झाली होती. मग हार्डडिस्कचा एक तुकडा मोकळा करायला घेतला. गॅलरीतून नानांचा आवाज आला. किती दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

"काय चाललंय गं?"

"जागेची वाटणी," ती म्हणाली. "डिस्कचा एक हिस्सा वेगळा काढतेय. तुमच्यासाठी."

मग मोजणी कचेरीतला माणूस जागा झाला. "हद्दीच्या खुणा नीट घाल. निम्मी भांडणं खुणा हलल्यामुळे होतात."

"इकडे येऊन बसा ना मग. सांगते काय काय होतंय ते."

नाना आले, पण दोन हात लांब बसले. टेबलाला स्पर्श होणार नाही इतके लांब. तिने ते पाहिलं.

पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम चढायला लागली. एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि ती नानांना सांगत होती, "अर्धी झाली... पाऊण... झाली." कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि न विचारता थेट लिनक्समध्ये जाऊन उभा राहिला. तिने पुन्हा बंद-चालू केला. पुन्हा तेच. तिच्या विंडोजचं कुठे नावनिशाण नाही.

ड्रॉइंग सुखरूप होती, पण ती उघडणारा प्रोग्रॅम? त्याचा परवाना? उद्या सकाळी मालकाला दोन कपाटांची मापं द्यायची होती.

"काय झालं?" नानांनी विचारलं. बोलणं थांबलं की दिसत नसलेल्या माणसाला आधी कळतं.

"माझं घर सापडत नाहीये."

नाना उठायलाच लागले. "काढून टाक ते माझं. आत्ताच्या आत्ता काढ. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय नको."

"नाना, बसा." ती जरा जोरात बोलली आणि मग आवाज खाली आणला. "बसा हो. काढायचं नाहीये काही."

नवरा तोवर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. "खोलून बघू का?"

"अहो, याला ग्रीस घालायचं नाहीये."

ती नव्या सिस्टिममधूनच डिस्कमध्ये डोकावली. तिचा हिस्सा जिथल्या तिथे होता. फोल्डर, ड्रॉइंग, अगदी कारखान्यातल्या सहलीचे फोटोसुद्धा. म्हणजे घर पडलं नव्हतं, फक्त दाराशी नाव लागलं नव्हतं. मग तिने मोबाइलवर शोधलं. तिच्यासारखे हवालदिल झालेले लोक जगभर होते, हे वाचूनच तिला निम्मं बरं वाटलं. सुरुवातीची यादी तयार करणारी व्यवस्था शेजारी आणखी कुणी राहतं का हे आपणहून बघत नाही, तिला तसं सांगावं लागतं. एका फाइलमधली एक ओळ बदलायची आणि यादी नव्याने बनवायची. तिने एकेक अक्षर ताडून पाहत ती ओळ लिहिली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

"आलं!" ती ओरडली. "दोघंही आले. वरच्या ओळीत तुम्ही, खाली मी."

नानांनी श्वास सोडला. "वा." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला कसं कळायचं? ही यादी बोलते का?"

ती चपापली. यादी मुकी होती. बोलणारी सिस्टिम दाराच्या आत होती आणि दारच दिसणार नव्हतं. म्हणजे रोज दुपारी नानांनी हाक मारायची, तिने येऊन कळ दाबून द्यायची. ते हाक मारणार नाहीत, हे ती जाणून होती.

ती पुन्हा शोधायला बसली आणि सापडलं. यादी समोर आली की कॉम्प्युटरने सूर वाजवायचा, अशी सोय होती. कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात छोटासा स्पीकरही होता. तिने दोन सूर बसवले, एक खालचा, एक वरचा. यादी आपोआप पुढे न सरकता थांबून राहील, असंही केलं. सूर ऐकायचा आणि एंटर दाबायचं, की नानांचं घर. तिचं ती बघून खालच्या ओळीवर जाईल. तिला डोळे होते.

"चला, दाबा," ती म्हणाली.

नानांनी हात पुढे केला नाही.

तेव्हा तिला बोलावंच लागलं. "नाना, त्या दिवशी मी जे बोलले..."

"खरंच बोललीस. दिसत नाही मला."

"खरं होतं. पण तसं बोलायचं नव्हतं मला. आणि हात लावू नका, असं तर कधीच म्हणायचं नव्हतं."

नवरा दारातून हळूच नाहीसा झाला. नानांनी खुर्ची पुढे ओढली. "बंद कर," म्हणाले, "पहिल्यापासून करू दे मला."

त्यांनी बटण चाचपून दाबलं. पंखा घरघरला. दोन सूर वाजले. त्यांचं बोट कळांवरून सरकत एंटरवर गेलं. आणि जरा वेळाने सर्दी झाल्यासारखा एक आवाज नाकातून बोलला, "स्वागत आहे."

"हा कोण शेंबडा?" नाना म्हणाले, आणि घरात किती दिवसांनी हसू फुटलं.

शिकणं काही सोपं नव्हतं. आयुष्यात कधी टाइप न केलेला माणूस. टेपताईने काही कळांवर फेविकॉलचे थेंब वाळवून खुणा केल्या. नाना चिडायचे, शेंबड्याशी भांडायचे. "मी 'ळ' दाबतोय, हा 'ल' म्हणतोय, याला आधी वाफ द्या." एक आठवडा तर रुसून तिकडे फिरकलेच नाहीत. मग परत आले. पण कोडं सुचवलं ते तिने. बेरजा करायला चौकटींचा जो तक्ता असतो, तो तिने उघडून दिला आणि म्हणाली, "यातल्या प्रत्येक चौकटीत तुम्ही जाल तसं शेंबडा वाचून दाखवील."

नानांनी बाणाची कळ दाबली. "रिकामी," शेंबडा म्हणाला. पुन्हा दाबली. "रिकामी." तिसऱ्या चौकटीत त्यांनी 'न' लिहिला, मग 'वी', मग पुन्हा 'न'. मागे जाऊन ऐकलं, पुढे जाऊन ऐकलं. मग मान न वळवता म्हणाले, "सांग. उलटसुलट कसंही वाचा, जुना होत नाही. तीन अक्षरं."

"नवीन!"

"तू ऐकलंस म्हणून," नाना म्हणाले. "आता पळ इथून."

साप्ताहिकाचे संपादक बदलले होते. नव्यांनी एक कोडं नमुन्याला मागवलं आणि ते छापताना खाली पूर्वीसारखंच नानांचं नाव टाकलं. नवऱ्याने ते पान डेपोत नेलं. दोन मेकॅनिक एका आडव्या शब्दावरून इतके भांडले, की बस उशिरा सुटली. निदान तो तरी तसं सांगत होता.

दिवसाची वाटणी आपोआप ठरून गेली. सकाळ तिची, दुपार नानांची. एकदा भर दुपारी मालकाचा फोन आला. गिऱ्हाइकाने ओव्हनची जागा बदलली होती आणि ड्रॉइंग नेहमीप्रमाणे कालच हवं होतं. टेपताई फोन कानाला लावून खोलीच्या दारात आली. नाना तक्त्यात बुडाले होते. ओठ हलत होते, बोट एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर जात होतं. चाहूल लागून त्यांनी विचारलं, "हवाय का तुला?"

"नको, चालू द्या," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

"काय झालं? पाठवताय ना?" मालक फोनवर विचारत होता.

"संध्याकाळी पाठवते," टेपताई म्हणाली. "आत्ता कॉम्प्युटर रिकामा नाही. माझे सासरे काम करतायत."