चोर मीच आहे, समजा

बोईसरला आमच्या समोरच्या दारातला मुलगा संगणकाच्या सुरक्षेवर संशोधन करतो. कुलपं बनवत नाही, कुलूप फुटणार नाही हे कागदावर सिद्ध करतो. बोलणं नेहमी ‘समजा’पासून सुरू. “समजा आजी, चोर तुमच्याहून हुशार आहे.”

तरुणपणी मी किल्लीची जागा सगळ्या आळीला सांगून घराबाहेर पडायची. मी विसरले तर कुणीतरी आठवण करील म्हणून!

परवा सुनेशी पैज लागली. सातपाटीचे सुके बोंबील कोणते, दातिवऱ्याचे कोणते, हे मी डोळे मिटून वासावर ओळखते. हरले तर मासळीची खरेदी तिच्याकडे.

“थापा नाय मारायच्या, आई. कसं ओळखता ते सांगा!”

“सांगू नका!” समोरच्या दारातून तो धावत आला. स्वतःच्या पाठीमागे बोंबील बदलून बदलून त्याने कितीदा तरी माझ्या नाकाशी धरले. मी एकदाही चुकले नाही. सुनेने मासळीची पिशवी माझ्याकडे सरकवली.

“बघा, सूनबाईंना पटलं आणि गुपित तुमच्याकडेच राहिलं. माझं काम हेच.”

इतका गुणी मुलगा! माझ्यातली ती जुनी बावळट जागी झाली. “ये, तुला कानात सांगते.”

त्याने बोंबलाच्या वासाची बोटं दोन्ही कानांत घातली.

“समजा आजी, चोर मीच आहे!”