मिरगाला परतणारा मुलगा

माझे वडील, बिरदेव आबा, शेळगावचे मेंढपाळ. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन कोकणात उतरत आणि मिरगाआधी परतत. १९९४ साली बारामतीतली फिटरची नोकरी सोडून मी मस्कतला निघालो, तेव्हा त्यांना म्हणालो, "आबा, तुमी कोकणात जाता तसंच. पोटासाठी."

त्यांना ते पटलं. कुणी विचारलं की ते सांगत, "पोरगं मिरगाला येतंय."

मी तीन वर्षांनी आलो, तोही बायकोला, मनिषाला, न्यायला. आबा गोठ्यापाशी बसले होते.

"सून बी निघाली? मंग परत कशाला येशील?"

"येऊ की, आबा."

"खरं सांग. हितं पोट भरंना व्हय?"

पोट भरत होतं. मस्कतमध्ये मला कुणी 'मेंढक्याचं पोरगं' म्हणत नव्हतं, म्हणून मला तिथंच राहायचं होतं. हे आबांना कसं सांगणार?

"व्हय," मी म्हणालो.

"मंग मेंढरं इकतो. रानात ऊस लावू. समद्यास्नी पुरंल."

आठवड्याभरात त्यांनी सगळा कळप विकला. एका खऱ्या वाक्यानं मी त्यांना थांबवू शकलो असतो. ते न बोलताच मी मनिषाला घेऊन विमानात बसलो.