चार्जर काढला की गोठणारा लॅपटॉप: टेंभुर्णी, जालना, वाटूर आणि पुन्हा टेंभुर्णी

मी जालन्यात राहते. मुलांचे कान तपासते. महिन्यातले चार-पाच दिवस जिल्ह्यातल्या शाळांमध्ये जाते. तपासणीचं यंत्र लॅपटॉपला जोडायचं, मुलाच्या कानांना हेडफोन लावायचे. आवाज आला की त्याने वाटीत एक चिंचोका टाकायचा. वीसेक मिनिटांचं काम. या वेळी एका मुलीच्या तेवढ्याशा कामासाठी आठवडा गेला. संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

सोमवारी सकाळी टेंभुर्णीची एसटी धरली. जाणार असाल तर दीड-दोन तास हाताशी ठेवा. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्ता बराचसा चांगला, पण मध्ये मध्ये असा की मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी कवटाळून बसावं लागतं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. स्टँडजवळ गरम भजी आणि चहा घेतला आणि शाळेत पोचले.

चौथीचे वर्गशिक्षक गवई सर दारातच उभे होते. "मॅडम, आज आमच्या सानिकाला नीट बघा. पोरगी हुशार हाय, पण हाक मारली तर वळून बघत न्हाई. घरचे म्हणतात हट्टी हाय."

कान तपासायला शांतता लागते. शाळेतली एकच खोली शांत होती, मागची, जुनी बाकं ठेवलेली. तिथे प्लग नव्हता. म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. बॅटरी पूर्ण भरलेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

अकराव्या मिनिटाला पडदा गोठला. माऊस हलेना, कळा दाबून काही होईना. सानिका हातात चिंचोका धरून वाट बघत बसली. आवाज आता येईल, मग येईल. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तपासणी पहिल्यापासून घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा बाजूला बसलेले तिचे वडील म्हणाले, "बघा. हिला करायचंच न्हाई."

"अहो, चूक तिची नाही. यंत्र बंद पडतंय."

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. हेडमास्तरांच्या खोलीत प्लग होता. तिथेही करून पाहिलं. घंटा, फोन, बाहेर पोरांचा कालवा. त्या तपासणीवर माझाच विश्वास बसेना. शुक्रवारी परत येते म्हणाले आणि निघाले.

मंगळवारी जालन्यात त्या सर्व्हिस सेंटरला गेले, जिथे दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. काउंटरवरच्या माणसाने चार्जर लावला, एक व्हिडिओ चालू केला आणि अर्ध्या तासाने म्हणाला, "बराबर चालू हाय मॅडम."

"चार्जर काढून बघा ना. तेव्हाच गोठतो."

"बॅटरीवर थोडा स्लो होतोच."

"स्लो होत नाही, गोठतो."

"मंग मदरबोर्ड असंल. नवीन टाकावा लागंल. न्हाई तर चार्जर लावून वापरा."

मी स्वतःच वायर काढली. त्याने ती परत लावली. "डेटा गेला तर आमच्यावर येईल," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. न तपासता हजारो रुपयांचा मदरबोर्ड सांगायला त्याला काही वाटलं नाही. वायर काढायला मात्र भीती वाटली.

संध्याकाळी हे सगळं गवई सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "माझी बहीण वाटूरला दुकान चालवती. संगीता. तिला दाखवा एकदा."

वाटूर म्हणजे जालन्याहून दुसऱ्याच दिशेला, मंठ्याच्या रस्त्यावर, तासाभराच्या अंतरावर. बुधवारी गेले. फाट्याजवळ संगीताताईंचं छोटं दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या टेबलावर दुरुस्ती. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, "हे सर्व्हिसिंगच्या आधी होत होतं का?"

मी विचारात पडले. नव्हतं होत.

त्यांनी चार्जर बाजूला ठेवला आणि विंडोज सुरू होण्याच्या आधीचं सेटिंगचं पान उघडून लॅपटॉप तसाच ठेवून दिला. "आता जेवून घेऊ, मॅडम. याला बसू द्या असाच." भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. पाऊण तासाने पाहिलं तर लॅपटॉप व्यवस्थित चालू होता.

"म्हणजे बॅटरी चांगली, बोर्ड बी चांगला. खराब असता तर इथं बी अडकला असता. आता विंडोज बघू."

विंडोज सुरू केलं, बॅटरीवरच. काही मिनिटांत गोठला. त्यांनी पुन्हा चालू करून कुठलं सॉफ्टवेअर कधी टाकलंय त्याची यादी काढली. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बॅटरी वाचवायचं तुम्ही टाकलं?" मी नव्हतं टाकलं. तारीख सर्व्हिसिंगच्याच दिवसाची होती. चार्जर काढला की ते सॉफ्टवेअर वीज वाचवायला डिस्क झोपवायचं, आणि झोपलेली डिस्क उठायचीच नाही. चार्जरवर वीज वाचवायची नसते, म्हणून तिथे सगळं ठीक. ताईंनी ते काढून टाकलं, पॉवरच्या सेटिंगमधलं बॅटरीवरचं डिस्क झोपवणं बंद केलं आणि दीड तास वायरीशिवाय चालवून दाखवला. दोनशे रुपये घेतले. तुमच्याही लॅपटॉपला हा त्रास असेल तर मदरबोर्डला हो म्हणण्याआधी एवढं करून बघा.

शुक्रवारी पुन्हा टेंभुर्णी. तीच मागची खोली. सानिकाचे वडील वेचणी सोडून आले होते. या वेळी तपासणी शेवटपर्यंत गेली. मोठ्या आवाजांना सानिकाने लगेच चिंचोके टाकले. हळू आवाजांना तिचा हात वाटीवर तसाच थांबून राहिला. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. मागून मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचणं अवघडच होतं.

मी कागदावर आलेख दाखवून समजावलं. वडिलांनी आलेखाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे ऐकत न्हाई असं न्हाई. तिला ऐकूच येत न्हाई."

"हो."

"म्या मारलं बी हाय तिला, मॅडम. यावरून."

गवई सर खिडकीकडे वळले. सानिकाला कानाचं मशीन कुठे मिळेल, जालन्याला कोणत्या दिवशी यायचं, कोणते कागद आणायचे, ते मी लिहून दिलं. वडिलांनी चिठ्ठी खिशात ठेवली. मग तिच्या समोर जाऊन, तिला तोंड दिसेल असं खाली बसून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

शनिवारी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. काय बिघडलं होतं, कोणी बिघडवलं होतं, सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "चालू झाला ना मॅडम? मंग झालं."

झालं नाही. लॅपटॉप आता चार-चार तास बॅटरीवर चालतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सर्व्हिसिंगच्या दिवशीच एक वायर काढून दहा-पंधरा मिनिटं बघत बसायचं होतं फक्त. तेवढं कोणी केलं नाही, म्हणून एक मुलगी आणखी चार दिवस हट्टी ठरली.